डिझेल गाडीचा धूर पुन्हा पुन्हा येतोय? नोझल खोलण्याआधी हे बघा

आंबा घाट चढताना मागचा गाडीवाला दिवे मारतो, आरशात बघावं तर रस्त्यावर काळा पडदा. गॅरेजमध्ये एअर फिल्टर बदलला जातो, टाकीत औषधाची बाटली ओतली जाते, पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. मग पुढचा सल्ला ठरलेला असतो: नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारं तोंड, काढून टेस्टिंगला पाठवू. कधी कधी तो बरोबरही असतो. पण लाल धूळ, चार महिन्यांचा पाऊस, खारा वारा आणि बाजारापुरत्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, हे सगळं सोसणाऱ्या कोकणातल्या गाडीत दोष बहुधा हवेच्या वाटेवर सापडतो. तो तसाच ठेवून डिझेलच्या बाजूला हात घातला की खर्चही होतो आणि धूरही राहतो.

आधी रंग, मग पाना

गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून इंजिन पूर्ण गरम करा आणि सपाट, मोकळ्या जागेत उभी करा. जुनं पांढरं फडकं काठीला बांधून सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब धरा आणि दुसऱ्याला चार-पाच वेळा रेस द्यायला सांगा. फडक्यावर कोरडी काजळी आली, फुंकर मारल्यावर थोडीफार उडाली, तर डिझेल अर्धवट जळतंय. बोटाला चिकटणारा तेलकट डाग पडला तर इंजिन ऑइल जळतंय. नुसता ओलावा असेल आणि सकाळची पहिली पाच मिनिटंच येत असेल तर सोडून द्या, डिसेंबरात आंबोलीला प्रत्येक गाडी तो सोडते.

मग धूर नेमका कधी येतो ते लिहून ठेवा: थंड सुरू करताना, उभ्या गाडीत, पिकअप घेताना, की चढावर भार असताना. मेकॅनिकला "धूर मारते" एवढंच सांगितलं तर तो सगळ्यात महाग भागापासून सुरुवात करेल, त्यात त्याची फारशी चूक नाही.

आणखी एक सोपी सोय आहे. पीयूसी केंद्रावर धुराची घनता मोजली जाते. भारत स्टेज ४ (प्रदूषणाचं सरकारी मानक) डिझेलला मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. दुरुस्तीआधी आकडा घ्या, दुरुस्तीनंतर पुन्हा घ्या. "आता कमी वाटतोय" यापेक्षा तो आकडा कामाचा. मात्र यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये नीट घालून आणि इंजिन गरम असताना मोजलंय ना, हे उभं राहून बघा.

काळा धूर: डिझेल जास्त नाही, हवा कमी

पेट्रोल इंजिनात पेडल दाबलं की हवेचं झाकण उघडतं. डिझेलमध्ये पेडल दाबलं की डिझेल वाढतं, हवा टर्बोने (हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या पंख्याने) आणून द्यायची असते. ती वेळेवर आली नाही तर वाढलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. म्हणून भरलेली गाडी चौथ्या गिअरवर १२००-१३०० आरपीएमला घाटात रेटली तर धडधाकट बोलेरोसुद्धा धूर सोडते, कारण टर्बो अजून फिरायलाच लागलेला नसतो. एक गिअर खाली घेऊन १८००-२००० वर तोच चढ चढा. धूर गेला तर दुरुस्ती गाडीची नाही.

त्याने धूर गेला नाही तर बोनेट उघडण्याआधी चाकांना हात लावून बघा. पावसाळ्यानंतर ब्रेकच्या कॅलिपर पिना आणि हँडब्रेकची केबल गंजून अडकतात. चाक घासत राहतं आणि इंजिनला कायमचा भार पडतो. पाच किलोमीटर चालवल्यावर एक डिस्क बाकीच्यांपेक्षा खूपच तापलेली असेल तर आधी ते काम करा. डिस्कला थेट बोट लावू नका, जवळ हात नेला तरी कळतं.

आता एअर फिल्टर. चिरेखाणीच्या रस्त्यावर रोज ये-जा असेल तर पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यावरच तो बघायला हवा. दिव्यासमोर धरा, कागदाच्या घड्यांतून प्रकाश दिसला नाही तर बदला. कॉम्प्रेसरने मारायचाच असेल तर आतून बाहेर, हातभर लांबून, ३० पीएसआयच्या आत. टायरच्या नळीने जवळून मारलेला फिल्टर दिसायला स्वच्छ असतो, पण कागदाला बारीक भोकं पडलेली असतात. पाण्याने धुतलेला कागदी फिल्टर तर सरळ टाकून द्या. पावसात ओला झालेला कागद फुगतो आणि हवा अडवतो, म्हणून जुलै-ऑगस्टात अचानक धूर वाढला तर बॉक्सच्या तळाचं पाणी जाण्याचं भोक पानांनी बुजलंय का ते बघा. गणपतीनंतर थेट शिमग्यालाच सुरू होणाऱ्या मुंबईकरांच्या गाड्यांत याच बॉक्सात उंदरांची घरटी निघतात: काथ्या, कापूस, काजूच्या बियांची टरफलं.

फिल्टर बदलूनही धूर परत येत असेल तर खरी तपासणी फिल्टरच्या पलीकडे आहे. फिल्टर काढा आणि टर्बोकडे जाणाऱ्या पाइपच्या आत बोट फिरवा. ही स्वच्छ हवेची बाजू आहे. तिथे बोटाला तांबडी धूळ लागली तर फिल्टरच्या कडेच्या रबरातून, तुटलेल्या क्लिपमधून किंवा पाइपच्या भेगेतून न गाळलेली हवा आत जातेय. या धुळीला काळ्या धुरापुरतं समजू नका. ती टर्बोची पाती आणि पिस्टनच्या रिंगा खाते, आणि वर्षा-दोन वर्षांत तीच गाडी निळा धूर काढायला लागते. बॉक्सची मोडलेली क्लिप तारेने बांधून चालवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) आणि तिथून इंजिनकडे जाणारे रबरी पाइप. सगळ्यात जास्त गाड्यांचा दोष इथे सापडतो आणि सगळ्यात कमी तपासलंही इथेच जातं. लक्षणं ठरलेली: २००० च्या आसपास जोर कमी, पेडल दाबल्यावर "सूं" असा आवाज, आणि भारावर काळा धूर. उभ्या गाडीत रेस दिली तर फारसं काही दिसत नाही, कारण भाराशिवाय टर्बो पुरेसा दाब करत नाही. भेग बहुतेक वेळा पाइपच्या खालच्या वळणावर, डोळ्याला न दिसणाऱ्या बाजूला असते आणि पाइप दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. म्हणून इंजिन थंड आणि बंद असताना प्रत्येक पाइप दोन्ही हातांनी पिळून बघा. जोडाभोवती ताजा तेलकट ओलावा आणि त्यावर चिकटलेली धूळ असेल तर गळती तिथेच.

पक्की चाचणी करायची तर इंटरकूलर आणि त्याचे दोन्ही पाइप इंजिनपासून वेगळे करा. एका टोकाला बूच क्लॅम्पने आवळा, दुसऱ्या टोकाला टायरचा वॉल्व्ह बसवलेलं बूच, आणि ७ ते १० पीएसआय हवा भरा. त्याहून जास्त नको, नीट न आवळलेलं बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. साबणाचं पाणी ओता, बुडबुडे दिसले की जागा सापडली. इंटरकूलर पुढच्या जाळीमागेच असतो, दगड लागून किंवा मिठाच्या गंजाने त्याची शिवण फुटते, तीही बघा. पाइपाला टेप गुंडाळून काम भागत नाही. गरम तेलाने गोंद सुटतो आणि आठवड्यात धूर हजर.

पाइप ठीक असतील तर टर्बोच्या अॅक्च्युएटरकडे (टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाकडे) जाणारी व्हॅक्यूमची काडीएवढी नळी बघा. ती कडक होऊन चिरते किंवा उंदीर कुरतडतात. नळी पन्नास-शंभर रुपयांची असते, पण तिच्यामुळे टर्बो बदललेला असतो. हर्णै-मालवणसारख्या किनाऱ्यावरच्या गाड्यांत अॅक्च्युएटरची दांडीही गंजून अडकते, ती हाताने किंवा व्हॅक्यूम पंपाने पूर्ण हलते ना ते बघा.

ईजीआर: छोट्या फेऱ्यांचं दुखणं

ईजीआर वॉल्व्ह जळालेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडतो. बाजारापर्यंत आणि परत एवढंच चालणाऱ्या गाडीत इंजिन धड तापत नाही, काजळी आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारं तेल मिळून डांबरासारखा थर बसतो आणि वॉल्व्ह अर्धा उघडा अडकतो. मग ताज्या हवेची जागा धूर घेतो. उभ्या गाडीत इंजिन थरथरतं, कमी आरपीएमला पिकअप घेताना काळा झोत येतो, पण मोकळ्या रस्त्यावर ८० ला गाडी बरी चालते. हे शेवटचं लक्षण त्याला पाइपच्या गळतीपासून वेगळं काढतं, कारण गळती भार वाढेल तशी वाढते.

सफाईसाठी वॉल्व्ह थंड असताना काढा, कार्बन क्लीनर मारून दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. पेचकसाने खरवडू नका, बसण्याची कडा ओरखडली की वॉल्व्ह कधीच नीट बंद होत नाही. मोटर असलेला भाग क्लीनरमध्ये बुडवायचा नाही. गॅस्केट नवीन घाला. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज असेल तर तो कॉन्टॅक्ट क्लीनरने काढा, नाहीतर स्वच्छ वॉल्व्हसुद्धा हलणार नाही. ईजीआरला पत्रा मारून बंद करणं हा गावोगावचा उपाय आहे. धूर कमी दिसतो, पण विषारी नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, नव्या गाड्यांत इंजिनचा दिवा पेटतो आणि ते बेकायदेशीरही आहे.

हवा मोजणाऱ्या सेन्सरचं थोडक्यात: तो मळला तर सहसा हवा कमी दाखवतो, इंजिनचा संगणक डिझेल कमी करतो आणि गाडी धुरापेक्षा मंदपणाच जास्त दाखवते. त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेनेच साफ करा, बोट किंवा कापूस लावू नका.

आता नोझल

हवा निर्दोष निघाली की डिझेलकडे या. नोझल थेंब थेंब गळत असेल तर काळ्या धुराबरोबर टकटक असा कडक आवाज येतो आणि बऱ्याचदा एकच सिलिंडर मिसिंग मारतो, म्हणजे नीट पेटत नाही. गॅरेजच्या स्कॅनरवर संगणक प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल कमी-जास्त करतोय ते दिसतं. एकाचा आकडा बाकी तिघांपेक्षा ठळक वेगळा असेल तर संशय त्याच्यावर. इंजेक्टरमधून (नोझल ज्यात बसतं त्या भागातून) डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न नळ्यांना पारदर्शक बाटल्या लावून मिनिटभर उभ्या गाडीत मोजतात, तीही चाचणी करा, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या: ज्याच्यातून दुप्पट डिझेल परत येतं तो आतून झिजलाय, त्यामुळे गाडी सुरू व्हायला त्रास देते. तोंडाशी गळणारं नोझल या चाचणीत सापडेलच असं नाही, त्याला टेस्टिंगचा बेंचच लागतो.

नवीन किंवा दुरुस्त इंजेक्टर बसवल्यावर बऱ्याच कॉमनरेल गाड्यांत (जिथे जास्त दाबाच्या एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल मिळतं) त्यावरचा कोड स्कॅनरने संगणकात भरावा लागतो. तो न भरल्यामुळे "नवीन टाकूनही धूर" ही तक्रार येते. खालचा तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवा. इंजेक्टरच्या बुडाशी काळा डांबरी थर आणि "छुक छुक" आवाज असेल तर तो वॉशर गळतोय.

एक गोष्ट जिवावरची आहे. जुन्या सुमो-बोलेरोत मिसिंग शोधायला चालू इंजिनवर एकेक पाइप सैल करायची पद्धत होती. कॉमनरेलमध्ये हे कदापि करू नका. तिथे दाब १००० बारच्या पुढे जातो, डिझेलची धार कातडीतून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येते.

पांढरा धूर: वास घ्या

डोळे चुरचुरले आणि कच्च्या डिझेलचा वास आला तर डिझेल न जळता जातंय. थंडीत सुरू करताना अर्धा मिनिट आणि नंतर बंद, असं असेल तर हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारा). मीटर लावून रोध मोजा: चांगला प्लग साधारण १ ओहमच्या आसपास दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. मे महिन्यात एखाद-दुसरा मेलेला प्लग कळतही नाही, हवाच इतकी गरम असते.

सतत येत असेल तर डिझेलमध्ये पाणी आहे का बघा. अर्धी टाकी ठेवून पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत दमट हवेचं पाणी आतल्या भिंतींवर जमून तळाशी साचतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जिवाणू-बुरशीची काळपट चिकट साय धरते. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू अर्धा ते एक फेरा सैल करा, हातपंप मारून १००-१५० मिली काचेच्या बरणीत घ्या आणि वीस मिनिटं ठेवा. पाणी खाली, डिझेल वर असं स्पष्ट वेगळं दिसतं. पाणी निघालं तर नुसता फिल्टर बदलून थांबू नका, टाकीही उपसा, नाहीतर महिनाभरात नवा फिल्टर भरतो. गाडी उभी ठेवून जायचं असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून जा.

गोडसर वास, हवेत रेंगाळणारा पांढरा लोट आणि कूलंटची टाकी आठवड्यागणिक खाली जाणारी, असं असेल तर पाणी इंजिनात जळतंय. इथे घाईने हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उतरवलं जातं. आधी ईजीआर कूलर (ईजीआरचा वायू कूलंटने थंड करणारा भाग) तपासा. त्याच्या आतल्या नळ्या कूलंटऐवजी विहिरीचं, तेही किनाऱ्याकडचं मचूळ पाणी घातलेल्या गाड्यांत लवकर सडतात, आणि लक्षणं हेड गॅस्केट (हेडखालची सील) गेल्यासारखीच असतात. कूलरपासून इनटेककडे जाणारा पाइप काढा: काजळी कोरडी हवी. ओली, चिखलासारखी किंवा कूलंटच्या रंगाची दिसली तर कूलर फुटलाय. मग रेडिएटरच्या झाकणाजागी प्रेशर टेस्टर लावून थंड इंजिनवर १ बार दाब द्या आणि वीस मिनिटं काटा बघा. हेड गॅस्केटची खूण वेगळी: थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा कडक होतो, कारण सिलिंडरचा दाब थेट पाण्यात शिरतो. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं तेल दिसलं तर गाडी पुन्हा सुरू करू नका.

निळा धूर

सुरुवात डिपस्टिकने. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. वरच्या खुणेच्या वर तेल असेल तर आधी काढा. सर्व्हिसमध्ये अर्धा लिटर जास्त ओतलं गेल्याने निळा धूर येणं नवीन नाही. मग ब्रीदर. उभ्या चालू गाडीत तेल भरायचं झाकण सैल करून बघा. थोडी फुंकर चालते, झाकण उडवणारा दाब आणि धूर म्हणजे एकतर ब्रीदर तुंबलाय किंवा रिंगा गेल्यात. ब्रीदर साफ करून पुन्हा बघा, त्यानंतरच कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजायचं.

पेट्रोल गाडीत घाट उतरून पेडल दाबल्यावर निळा झोत आला की वॉल्व्ह सील, असं म्हणतात. डिझेलमध्ये ती खूण तितकी भरवशाची नाही, कारण हवा अडवणारं झाकण नसल्याने इनटेकमध्ये तेवढी ओढ तयार होत नाही. भार असताना निळा धूर आला तर रिंगा किंवा टर्बो, बराच वेळ उभी ठेवून निघताना आला तर टर्बो किंवा वॉल्व्ह सील, असं धरून तपासा.

टर्बो बदलूनही निळा धूर, ही तक्रार फार येते. टर्बोचं तेल नुसत्या वजनाने खाली परत जातं. परतीचा पाइप आतून जळलेल्या तेलाने अरुंद झाला, वाकला किंवा त्याच्या गॅस्केटवर सिलिकॉनचा लगदा लावला, की तेल साचतं आणि नव्या टर्बोच्या सीलमधूनही बाहेर येतं. म्हणून टर्बो बसवताना तो पाइप आणि तेल आणणारी नळी साफ करून किंवा बदलून घ्या. इंटरकूलर उलटा करून त्यातलं तेल पूर्ण निथळू द्या, नाहीतर तेच तेल पुढे बरेच दिवस जळत राहतं. टर्बोची दांडी बाजूला किंचित हलते ते चालतं. पुढे-मागे हलली किंवा पाती बाहेरच्या कवचाला घासली तर टर्बो गेला.

इंटरकूलरमध्ये वाटीभर तेल साचलेलं असताना गाडी पळवू नका. ते एकदम इंजिनात ओढलं गेलं तर इंजिन स्वतःच्या तेलावर बेफाम धावतं आणि चावी काढूनही थांबत नाही. तसं झालं तर गाडीत असताना ब्रेक घट्ट दाबा, वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. बोनेटजवळ उभं राहू नका.

बीएस ६ गाड्या वेगळ्या

एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल कारना सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा डीपीएफ असतो. त्यांच्या पाइपच्या तोंडाला बोट लावून काजळी आली किंवा काळा धूर दिसला तर तो फिल्टर फुटलाय किंवा कोणीतरी पोकळ केलाय. जुनी सेकंडहँड घेताना ही बोटाची चाचणी जरूर करा. नेहमीच्या छोट्या फेऱ्यांनी तो भरतो, मग दिवा पेटतो. तेव्हा महामार्गावर ६० ते ८० च्या वेगाने, २००० आरपीएमच्या वर, वीसेक मिनिटं न थांबता चालवा. त्या वेळी जळका वास आणि थोडा पांढुरका धूर येतो, तो दोष नाही. ही सफाई वारंवार अर्ध्यावर सुटली तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली आणि डिझेलचा वास येत असेल तर ऑइल लगेच बदला, कमी राखेचं, पुस्तकात सांगितलेल्याच ग्रेडचं.

पुरातून निघालेली गाडी

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात बुडालेल्या गाड्यांसारखी एखादी घेतली असेल आणि थंड असताना एकाच सिलिंडरचा करडा-पांढरा धूर येत असेल, तर इंजेक्टर बदलत बसू नका. पाणी आत असताना कोणीतरी स्टार्टर मारलेला असतो, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो. गाडी चालते, पण त्या सिलिंडरचं पिस्टन वरपर्यंत पोचत नाही आणि कॉम्प्रेशन कमी राहतं. हीटर प्लगच्या जागेतून चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजा. तिघांचे आकडे जवळजवळ सारखे आणि एक चार-पाच बारने खाली असेल तर दोष त्या सिलिंडरच्या रिंगा, वॉल्व्ह किंवा रॉडमध्ये.  मग हेड उतरवून चारही पिस्टन एकेक करून सर्वात वर आणा आणि सपाट पट्टीने उंची ताडून बघा. वाकलेल्या रॉडचं पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली दिसतं.